व्हॉल्व्ह बदलूनही पुन्हा ठसका, पुन्हा आवाज बंद: दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा

स्वरयंत्र काढल्यावर व्हॉल्व्हने, म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या छिद्रात बसवलेल्या झडपेने, बोलणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी गाठतेच. नवा व्हॉल्व्ह बसवला की काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी चहाचा घोट घेतल्याबरोबर ठसका लागतो आणि श्वास घ्यायच्या गळ्यावरच्या भोकातून चहाच बाहेर उडतो. किंवा सकाळी खणखणीत असलेला आवाज दुपारपर्यंत दबतो आणि संध्याकाळी उमटतच नाही. मग ओपीडीची रांग, नवा व्हॉल्व्ह, हजारो रुपये, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मी स्वतः व्हॉल्व्हनेच बोलतो. परळला ओपीडीच्या बाकावर बसून ज्यांच्याशी ओळख झाली त्यांच्यातल्या बहुतेकांनी हे फेरे मारले आहेत. त्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितोय: व्हॉल्व्ह बदलायला धावण्याआधी दोष व्हॉल्व्हच्या आत आहे, व्हॉल्व्हच्या भोवती आहे, की घशात आहे हे ठरवा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

त्याआधी एक गोष्ट, जी वाचून लगेच घरच्यांनाही सांगा. व्हॉल्व्ह निघून बाहेर आला तर ते छिद्र काही तासांतच आकसायला लागतं. ज्या मापाचा कॅथेटर (लवचिक नळी) तुम्हाला शिकवून घरी दिलेला असेल तो छिद्रात सरकवून चिकटपट्टीने चिकटवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. निघालेला व्हॉल्व्ह सापडत नसेल तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नका, खोकला असो वा नसो, छातीचा एक्स-रे करून घ्या. आणि तुम्हाला कुठेही चक्कर आली, अ‍ॅम्ब्युलन्स आली, तर ऑक्सिजन गळ्याच्या भोकाला लावायचा, नाकातोंडाला लावून काही उपयोग नाही. हे एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून रेल्वे पासच्या पाकिटात ठेवा.

आवाज येतो कुठून

हे समजलं की अर्धं निदान घरीच होतं, म्हणून थोडं सविस्तर.

ऑपरेशनमध्ये पूर्ण स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं वरचं तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूला आणून त्वचेला शिवतात. तेच आपलं भोक, डॉक्टरांच्या भाषेत स्टोमा. त्यानंतर फुप्फुसातली हवा तोंडाकडे जातच नाही. जीभ, ओठ, टाळू, दात सगळं जागेवर असतं, म्हणजे शब्द घडवणारी यंत्रणा शाबूत असते. नसतो तो फक्त स्वर आणि त्यामागचा वारा. १८७३ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कॅन्सरसाठी पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी बनवलेल्या कृत्रिम स्वरयंत्राची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे हे ऑपरेशन जितकं जुनं, तितकाच जुना आवाजाचा शोध.

आज तीन वाटा आहेत. पहिली, अन्ननलिकेत हवा घेऊन ती परत वर सोडायची. दुसरी, गळ्याला लावायचं बॅटरीचं मशीन. तिसरी, व्हॉल्व्ह. सिंगर आणि ब्लॉम या अमेरिकेतल्या जोडीने १९८० साली ही पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला लहानसं छिद्र पाडून त्यात सिलिकॉनची एकतर्फी झडप बसवतात. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, तसंच इथे: श्वासनलिकेतली हवा अन्ननलिकेत जाते, अन्ननलिकेतलं पाणी मात्र उलट यायला नको. भोकावर अंगठा ठेवून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते आणि घशाच्या तळाशी, अन्ननलिका जिथे सुरू होते तिथले स्नायू थरथरतात. आपला आवाज तो. व्हॉल्व्ह स्वतः वाजत नाही, तो फक्त वाट देतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं उलगडतं.

ते स्नायू जाड असतात, म्हणून आवाज खोल आणि खरखरीत येतो. पुरुषांचं त्याने फारसं अडत नाही. बायकांना मात्र फोनवर कुणीही ‘दादा’ म्हणतं आणि त्याचं त्यांना फार लागतं. ऑपरेशनआधी हे त्यांना कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

हिरव्या पाण्याची परीक्षा

पाणी गळतंय असा संशय आला की हे करा. आरशासमोर ताठ बसा. शेजारी कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा, मोबाइलचा चालतो. भोक पुसून कोरडं करा, भोकावर फिल्टर लावत असाल तर तो काढून ठेवा. पेलाभर पाण्यात केकमध्ये घालतात त्या खाण्याच्या हिरव्या किंवा निळ्या रंगाचे एकदोन थेंब टाका. कोकम सरबत किंवा बीटचं पाणी नको, भोकात लाल दिसलं की ते रंग आहे की रक्त हे कळत नाही आणि घरातले घाबरतात. दूधही नको, चुकून छातीत गेलं तर पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं. आता छोटासा घोट गिळा आणि टॉर्चच्या उजेडात व्हॉल्व्हकडे बघा. घाई करू नका. पहिला हिरवा थेंब कुठून डोकावतो तेवढंच पाहायचं आहे: मधल्या नळीतून, की बाहेरच्या कडेला, जिथे सिलिकॉन आणि मांस एकमेकांना टेकतात तिथून. जमल्यास मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा. ओपीडीत तोंडी वर्णनापेक्षा तो व्हिडिओ दहापट कामाचा.

छातीत आधीच कफ भरलेला असेल, ताप असेल, तर ही परीक्षा घरी करू नका. गळती म्हणजे प्रत्येक घोटाला थोडं पाणी फुप्फुसात, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. तेव्हा थेट डॉक्टरकडे.

थेंब मधून आला तर

म्हणजे झडप नीट मिटत नाही. सर्वांत साधं कारण अडकलेला अन्नाचा कण किंवा सुकलेला कफ. भाताचं शीत, पोह्याचा तुकडा, मेथीचं पान यांतलं काहीही असू शकतं. व्हॉल्व्हसोबत मिळालेला ब्रश पाण्यात बुडवून झटका, नळीत सरळ घाला, गोल फिरवा, बाहेर काढून टिपकागदाला पुसा, आणि तो स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. मग परत हिरवं पाणी प्या. गळती थांबली तर प्रश्न मिटला. कापसाची काडी, टूथपिक, केसांचा आकडा यांतलं काहीही तिथे न्यायचं नाही. कापसाचा धागा झडपेत अडकतो, आणि काडी मोडली तर ती खाली श्वासनलिकेत जाते.

ब्रशने फरक पडला नाही आणि व्हॉल्व्ह बसवून महिने झाले असतील तर बहुतेक वेळा बुरशी. तोंडात आणि घशात असणारी कॅन्डिडा नावाची बुरशी सिलिकॉनवर थर धरते, झडपेची पाकळी वाकडी करते, मग ती मिटत नाही. व्हॉल्व्ह तीन ते सहा महिने टिकतो असं सांगतात, पण अनेकांचा दोनेक महिन्यांतच बाद होतो, त्यामागे बहुधा हीच. इथे नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नव्यावरही तीच बुरशी चढणार. डॉक्टरांकडून बुरशीवरचं औषध घ्या आणि ते सांगतील तितके दिवस पूर्ण घ्या. कवळी असेल तर ती रात्री काढून रोज घासा, बुरशीचं माहेरघर बऱ्याचदा तीच असते. साखर तपासा. दम्याचा स्टेरॉइड पंप घेत असाल तर दर वेळी नंतर चूळ भरा, आणि पंप भोकातून घेत असाल तर तसं स्पीच थेरपिस्टना सांगा.

ताकाबद्दल हमखास विचारलं जातं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत व्हॉल्व्हवर ताकासारखे आंबवलेले दुधाचे पदार्थ वापरून पाहिले आणि बुरशीचा थर कमी झालेला त्यांना दिसला. तेव्हा जेवणानंतर वाटीभर ताजं ताक जरूर घ्या. पण ब्रश आणि औषध सोडून ताकावर राहू नका.

आणि आता तो प्रकार, जो सर्वांत जास्त फसवतो. नवाकोरा व्हॉल्व्ह आठवड्याभरातच मधून गळायला लागला, तर बुरशीला दोष देऊ नका, इतक्या लवकर ती इतकी वाढत नाही. काही जणांच्या अन्ननलिकेत जोराचा श्वास घेताना किंवा गिळताना इतकी ओढ तयार होते की झडप आपोआप उघडते. अशा माणसाला त्याच जातीचा व्हॉल्व्ह कितीही वेळा बदलून द्या, तो गळणारच. खूण अशी, की पोटात सारखी हवा भरते, ढेकरा येतात. त्यासाठी घट्ट मिटणारे, उघडायला जास्त जोर लागणारे वेगळे व्हॉल्व्ह मिळतात, काहींत छोटे चुंबक असतात. भांडुपच्या एका मावशींना एका ठिकाणी एकामागून एक नेहमीच्याच जातीचे व्हॉल्व्ह बसवत राहिले, पोट फुगतं का असं कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी दुसरीकडच्या एका तरुण थेरपिस्टने तो एकच प्रश्न विचारला. पोट फुगत असेल तर हे आपणहून सांगा, विचारायची वाट पाहू नका.

थेंब कडेने आला तर

इथे व्हॉल्व्ह निर्दोष असू शकतो. छिद्र त्याच्यापेक्षा मोठं झालेलं असतं, किंवा व्हॉल्व्ह भिंतीच्या जाडीपेक्षा लांब असतो. ऑपरेशननंतरची सूज महिन्यांनी उतरते, भिंत पातळ होते, आणि आधी बरोबर असलेला व्हॉल्व्ह पुढेमागे हलायला लागतो. हलून हलून छिद्र आणखी रुंदावतं. गिळताना आरशात तो मागेपुढे सरकताना दिसला, तर माप पुन्हा घ्यायला सांगा. मापच न घेता जुन्याच लांबीचा बसवून घेऊ नका.

माप बरोबर असूनही कडेने गळत असेल तर शरीराकडे बघावं लागतं. रेडिएशन घेतलेलं मांस नाजूक असतं. त्यात आम्लपित्त वर येत असेल, साखर वाढलेली असेल, वजन घटत असेल, तर छिद्र आकसत नाही. एक तपासणी बऱ्याचदा राहून जाते ती थायरॉइडची. रेडिएशननंतर थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे आणि त्याने जखमा भरायला वेळ लागतो. साधी रक्ततपासणी आहे, मागून घ्या. रुंद कडांचा व्हॉल्व्ह, काही दिवस व्हॉल्व्ह काढून छिद्र आकसू देणं, टाका घालणं, हे पुढचे उपाय डॉक्टरांच्या हातातले. तोवर पातळ पदार्थ कमी करा: चहाऐवजी दाट पेज, पाणी छोट्या घोटांत.

गळत नाही, पण आवाज नाही

आधी ब्रश. नळी तुंबली असेल तर हवा जाणारच नाही. ब्रशने झालं नाही तर आता अंगठ्याकडे बघा.

नव्या लोकांचं इथेच अडतं. आवाज येईना की माणूस अंगठा जोरात दाबतो आणि पोटातून जोर लावतो. जोराने दाबलं की व्हॉल्व्हच मागच्या भिंतीला टेकतो, आणि जोराने हवा ढकलली की घशातले ते स्नायू आवळतात. जितका जोर, तितका आवाज बंद. उलट करा. सुस्कारा टाकताना जितकी हवा सोडतो तितकीच सोडायची, अंगठा हलकाच पण सगळीकडून बंद. फुस्स असा आवाज कडेने येत असेल तर अंगठ्याची जागा बदला. आधी एक लांब ‘आ’. मग एका श्वासात एक ते दहा. रोज सकाळी ब्रशनंतर हे मोजून बघा. काल दहापर्यंत आणि आज सहालाच संपलं, तर काही तरी बदललंय हे तुम्हाला ठसका लागण्याच्याही आधी कळेल.

नळी स्वच्छ, अंगठा हलका, तरीही आवाज चिरडल्यासारखा येत असेल किंवा मध्येच तुटत असेल, तर घशाचे स्नायू आवळत असण्याची शक्यता. थेरपिस्ट व्हॉल्व्ह काढून उघड्या छिद्रातूनच तुम्हाला ‘आ’ म्हणायला लावतात. तेव्हा आवाज मोकळा आला तर दोष व्हॉल्व्हचा, नाही आला तर घशाचा. घशाचा असेल तर त्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, आणि आवळलेला आवाज त्याने मोकळा झालेले लोक मी पाहिले आहेत. ही परीक्षा ओपीडीतच होते. व्हॉल्व्ह घरी आपणहून काढायचा नाही.

आणि हे ठळक अक्षरांत वाचल्यासारखं वाचा: आवाज हळूहळू घट्ट होत चाललाय, सोबत घास अडकतोय, भोकातून रक्त येतंय, गळ्याला गाठ लागतेय किंवा वजन उतरतंय, तर हा व्हॉल्व्हचा प्रश्न समजून घरी बसू नका. नेहमीच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा.

संध्याकाळी आवाज का बसतो

नाक आपल्यासाठी हवा गाळत होतं, गरम आणि ओली करत होतं. आता मुंबईची हवा थेट छातीत. मेट्रोच्या खोदकामाची धूळ, एसी लोकलची कोरडी थंड हवा, विसर्जनाला उडणारा गुलाल, दिवाळीचा धूर, सगळं. छाती उत्तरादाखल कफ तयार करते, तो व्हॉल्व्हवर सुकतो आणि संध्याकाळी वाट बंद होते. उपाय म्हणजे भोकावर लावायचा, श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा एचएमई फिल्टर, आणि तो बाहेर जातानाच नव्हे तर दिवसरात्र. त्याची कॅसेट, म्हणजे बदलता येणारा भाग, रोज बदलायची. धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह होतो, कारण स्वस्त नाही, पण धुतल्यावर त्यातला ओलावा धरणारा क्षार निघून जातो आणि उरतो तो नुसता स्पंज. फिल्टर परवडत नसेल तर ओला करून पिळलेला मलमलचा रुमाल भोकावरून बांधा, काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. पावसाळ्यात हवा दमट असली तरी पावसाचे थेंब आत जातात, तेव्हा छत्री आणि गळ्यावर कापड दोन्ही हवं.

मशीनवर बोलणाऱ्यांसाठी

यांची नेहमीची तक्रार वेगळी: घरघर ऐकू येते, शब्द कळत नाहीत. बॅटरी पाहून झाली की जागा बघा. मशीनचं डोकं त्वचेला पूर्ण टेकलं पाहिजे आणि जिथे गळा मऊ आहे तिथेच. रेडिएशनने गळा कडक झाला असेल तर गालावर लावून पाहा, किंवा तोंडात धरायची नळी वापरा. रात्री आडवं झोपल्याने सकाळी गळ्याला सूज जास्त असते, त्यामुळे सकाळची जागा आणि दुपारची जागा वेगळी निघू शकते.

दुसरा भाग अक्षरांचा. मशीन सतत गुणगुणत असतं, म्हणून ‘प’चा ‘ब’ होतो, ‘क’चा ‘ग’, ‘त’चा ‘द’. एक काका डॉक्टरांना कळवळून ‘पोट दुखतंय’ सांगत होते आणि डॉक्टर त्यांचं बोट उलटसुलट करून बघत होते. ‘ह’ला लागणारा छातीचा वारा तर नसतोच, म्हणून ‘हो’चा ‘ओ’. उपाय सरावाचा आहे: ‘प’साठी ओठ एरवीपेक्षा जास्त वेळ मिटून ठेवा, गालात हवा दाबा आणि ती फुटू द्या. ‘ट’ आणि ‘क’ला जिभेने तेच. पोट-बोट, काय-गाय, तार-दार, टाळ-डाळ अशा जोड्या रोज घरच्या कुणाला तरी तुमच्याकडे पाठ करून बसवून म्हणा, त्यांनी न बघता ओळखायचं. आणि एकटा शब्द देऊ नका. ‘जेवल्यापासून पोटात दुखतंय’ म्हटलं तर बोट कुणी बघणार नाही. वाक्य संपलं की बटण सोडा, दोन वाक्यांमधली शांतता ऐकणाऱ्याला फार मदत करते.

मशीनशिवाय, व्हॉल्व्हशिवाय, अन्ननलिकेत हवा घेऊन बोलणारेही आहेत. त्यांना माझा नमस्कार, कारण ही विद्या शिकायला महिने लागतात. तिथे एका वेळी साधारण ६० ते ८० मिलिलिटरच हवा मिळते, म्हणून वाक्यं छोटी. सुरुवातीला अडत असेल तर ‘काका’, ‘टाटा’, ‘पापा’ असे शब्द घ्या, क, ट, प म्हणताना तोंडातली हवा आपोआप मागे ढकलली जाते. हवा गिळायची नाही. गिळली की ती पोटात जाते, आवाज येत नाही आणि पोट फुगतं.

फोनवर बोलताना तिघांनाही एकच सूचना: फोनचा माइक ओठांजवळ, भोकापासून आणि मशीनपासून लांब. भोकातल्या श्वासाचा आवाज माइकला शब्दांपेक्षा मोठा ऐकू येतो. दादरच्या बाजारात किंवा फलाटावर आवाज चढवायला जाऊ नका, घसा आवळतो. समोरच्याच्या जवळ जा, तोंड त्याच्याकडे करा, त्याला तुमचे ओठ दिसू द्या.

ओपीडीला जाताना हिरव्या पाण्याचा व्हिडिओ, सध्याच्या व्हॉल्व्हची जात आणि लांबी, तो बसवल्याची तारीख आणि गळती सुरू झाल्याची तारीख, इतकं एका कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर आवाजाने साथ दिली नाही तरी कागद पुढे करता येतो.